पॅक-१२ का फुटली? मागे राहिलेल्या दोन विद्यापीठांचं प्रकरण

शुक्रवार, ४ ऑगस्ट २०२३. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नऊ विद्यापीठांच्या अध्यक्षांची सकाळी लवकर ऑनलाइन बैठक ठरली होती. विषय एकच होता. ॲपलने देऊ केलेला प्रक्षेपण करार स्वीकारायचा, सह्या करायच्या आणि पॅक-१२ ही कॉलेज फुटबॉलची संघटना पुढची काही वर्षं टिकवायची. आदल्या रात्रीपर्यंत सह्या होतील असंच बहुतेकांना वाटत होतं. बैठकीत मात्र वॉशिंग्टन विद्यापीठाने आपण बाहेर पडत असल्याचं सांगून टाकलं. ओरेगनही निघालं. दिवस संपायच्या आत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनीही पाय काढता घेतला. शंभरीपार गेलेल्या संघटनेत संध्याकाळी चार सभासद उरले आणि महिनाभरात दोन. एक ओरेगन स्टेट, दुसरं वॉशिंग्टन स्टेट.

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाविश्वात संघांची अदलाबदल नवी नाही. तरी हे प्रकरण वेगळं आहे, कारण इथे एक मोठी आणि मानाची संघटना जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली. तिचा अखेरचा हंगाम तर कित्येक वर्षांतला तिचा सर्वांत चांगला हंगाम होता. खेळ ढासळला म्हणून संघटना बुडाली असं इथे म्हणता येत नाही. मग का बुडाली?

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू घेऊन, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचा अमेरिकन फुटबॉल. तिथे विद्यापीठांचे संघ शनिवारी खेळतात आणि काही मैदानांत लाखभर माणसं बसतात. हे संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. कॉन्फरन्सला आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखं समजा. सभासद विद्यापीठं हीच मालक, त्यांचे अध्यक्ष म्हणजे संचालक मंडळ, आणि आयुक्त हा त्यांनी नेमलेला पगारी कार्यकारी अधिकारी. सामन्यांचं वेळापत्रक कॉन्फरन्स ठरवते, विजेता तीच ठरवते, आणि सर्वांत महत्त्वाचं, टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकून पैसे सभासदांत वाटते.

पॅक-१२ चा जन्म डिसेंबर १९१५ मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला झाला. तेव्हा नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि संस्थापक चार: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज. हे शेवटचं नाव म्हणजेच आजचं ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आलं. मागे राहिलेल्या दोघांपैकी एक संस्थापक आहे आणि दुसरा दोन वर्षांनी आलेला, हे लक्षात ठेवा. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या भानगडीने ही संघटना १९५९ मध्ये एकदा मोडली होती. कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिसमधली यूसीएलए आणि यूएससी, वॉशिंग्टन आणि स्टॅनफर्ड अशा पाच जणांनी तेव्हा नवी चूल मांडली. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आणि दोन्ही ओरेगनना १९६४ मध्ये आत घेतलं गेलं. म्हणजे बाहेर ताटकळण्याची वेळ या मंडळींवर आधीही आली होती. पुढे १९७८ मध्ये ॲरिझोनाचे दोन आणि २०११ मध्ये कोलोरॅडो व युटा येऊन आकडा बारा झाला.

संघटनेचं बिनसलं टीव्हीवरून. २०११ मध्ये आयुक्त लॅरी स्कॉट यांनी ईएसपीएन आणि फॉक्स या प्रसारकांशी बारा वर्षांचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार केला. त्या वेळचा तो विक्रमी भाव होता आणि स्कॉट यांचं देशभर कौतुक झालं. मग त्यांनी संघटनेच्या शंभर टक्के मालकीची वाहिनी काढायचं ठरवलं. बिग टेन आणि एसईसी या अशाच दुसऱ्या बड्या कॉन्फरन्स. बिग टेनने फॉक्सला भागीदार घेतलं होतं, एसईसीने पुढे ईएसपीएनला घेतलं. पॅक-१२ ने कुणालाच घेतलं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये वाहिनी सुरू झाली, पण डायरेक्टटीव्हीवर ती कधी आलीच नाही. घरोघरी डिश असलेला मोठा प्रेक्षकवर्ग त्यामुळे कायमचा हुकला. एखाद्या बड्या प्रसारकाचा भागीदार म्हणून वाटा असता, तर वाहिनी सगळीकडे पोचवण्यात त्यालाच रस राहिला असता. नफा वाटून घ्यायचा नाही या हट्टापायी वाटण्याजोगा नफाच फारसा झाला नाही.

त्यात घड्याळाची अडचण. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कला रात्री साडेदहाला सुरू होतो. तो संपतो तेव्हा निम्मा देश झोपलेला असतो. मैदानावरचं यशही आटलं होतं. या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद शेवटचं मिळालं ते यूएससीला, २००४ च्या हंगामात, आणि तेही पुढे नियमभंगावरून काढून घेण्यात आलं. राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये २०२३ पूर्वी पॅक-१२ मधून फक्त ओरेगन आणि वॉशिंग्टन प्रत्येकी एकदा पोचले. २०२२ च्या आर्थिक वर्षात बिग टेनने बहुतेक सभासदांना सुमारे ५.९ कोटी डॉलर वाटले. पॅक-१२ च्या वाट्याला ३.७ कोटींच्या आसपास आले.

लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांना ही तफावत सहन होईना. यूसीएलएच्या क्रीडा विभागात तर दहा कोटी डॉलरहून जास्त तूट साचली होती. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी २०२४ पासून बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा ७०० कोटींहून मोठा करार केला. पॅक-१२ ची सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ एका दिवसात गेली होती.

तरीही इथे सगळं संपलं नव्हतं. बहुतेक लेखांत यूएससी-यूसीएलएच्या जाण्यालाच मृत्यूचं कारण म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्सचं उदाहरण समोर आहे. २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा हे त्यांचे दोन सर्वांत मोठे संघ एसईसीकडे निघाले, तेव्हा सगळ्यांनी त्या संघटनेवर फुली मारली होती. उरलेल्या आठ संघांना पॅक-१२ त्या ऑगस्टमध्ये घेऊ शकली असती. आयुक्तपदावर नुकतेच आलेले जॉर्ज क्लियाव्कॉफ आणि अध्यक्षांनी विस्तार करायचा नाही असं ठरवलं. त्याऐवजी बिग टेन आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) यांच्याबरोबर त्यांनी ‘आघाडी’ जाहीर केली, जिच्यात लेखी करार नव्हताच. वर्ष उलटायच्या आत त्याच आघाडीतल्या बिग टेनने त्यांचे दोन संघ उचलले. स्कॉट यांच्या काळातही, २०११ मध्ये, ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यायला उत्सुक असताना दार बंद केलं गेलं होतं. दोन्ही वेळा समज एकच होता: आपण वरच्या पायरीवरचे, ते खालचे.

बिग ट्वेल्व्हने काय केलं? चार नवे संघ घेतले आणि ब्रेट योर्मार्क यांना आयुक्त नेमलं. योर्मार्क यांनी करार संपायची वाट न पाहता प्रसारकांशी आधीच बोलणी उरकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सने त्यांच्याशी सहा वर्षांचा २२८ कोटींचा करार केला. प्रत्येक सभासदाला वर्षाला सरासरी ३.१७ कोटी. बाजारातली पश्चिमेकडची जागा त्यांनी पॅक-१२ च्या आधी विकली.

पॅक-१२ च्या बाजूला तेव्हा काय चाललं होतं, ते पुढे बातम्यांतून बाहेर आलं. ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे साधारण ३ कोटींचा प्रस्ताव दिला होता. अध्यक्षांनी त्यावर ५ कोटींची मागणी ठेवली. ईएसपीएन उठून गेलं, ते परत आलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. मागणी करणारे लोक साधे नव्हते. जगातल्या नामांकित विद्यापीठांचे प्रमुख होते. पण विद्यापीठ चालवणं वेगळं आणि टीव्हीच्या बाजारात आपला भाव ओळखणं वेगळं. यूएससी-यूसीएलए नसताना आपल्या मालाला बिग टेनच्या जवळपासचा दर मिळेल हा हिशेब कशावर केला, याचं पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

मग महिन्यामागून महिने गेले. करार जवळ आला आहे, थोडा धीर धरा, असं क्लियाव्कॉफ सांगत राहिले. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडोचा धीर सुटला आणि ते बिग ट्वेल्व्हमध्ये परतलं. १ ऑगस्टला सभासदांपुढे अखेर प्रस्ताव आला तो ॲपलचा. जवळजवळ सगळे सामने ॲपलच्या ॲपवर, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. प्रत्येकी हमीची रक्कम अडीच कोटींच्या आतबाहेर आणि वर्गणीदार वाढले तर वाढावा. या प्रस्तावात पुढे काही दम होता असं मानणारे आजही आहेत. पण नवीन खेळाडूंना गळ घालणाऱ्या प्रशिक्षकाला ‘आमचे सामने फुकट टीव्हीवर दिसणार नाहीत’ हे सांगावं लागणार होतं. तीन दिवसांनी काय झालं ते वर आलंच आहे. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये जाताना पूर्ण वाटाही मागू शकले नाहीत. वर्षाला सुमारे ३ कोटींवर, म्हणजे जुन्या सभासदांच्या जवळपास निम्म्यावर, त्यांनी सह्या केल्या.

इतक्या सहज सगळे बाहेर पडू कसे शकले? उत्तर करारनाम्यात आहे. कॉन्फरन्सचे सभासद आपले प्रक्षेपण हक्क ठरावीक मुदतीसाठी संघटनेच्या नावे करून देतात. मुदत संपायच्या आत सभासद गेला, तर त्याच्या घरच्या सामन्यांचे हक्क जुन्या संघटनेकडेच राहतात आणि नव्या संघटनेला त्याचा उपयोग उरत नाही. एसीसीने हे हक्क २०३६ पर्यंत बांधून घेतले होते. तिचे सभासद फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन बाहेर पडायला आतुर असूनही कोर्टात झगडत बसले, ते यामुळेच. पॅक-१२ मध्ये ही मुदत टीव्ही करारासोबत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होती. त्यानंतर कुणालाही दंड न भरता निघता येत होतं. ४ ऑगस्टच्या सकाळी ज्या सह्या व्हायच्या होत्या त्या या बांधिलकीवरच. ही बांधिलकी २०२१ मध्ये, टेक्सासची बातमी फुटली त्या आठवड्यातच वाढवून घ्यायला हवी होती.

१ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना एसीसीने घेतलं. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या नावाच्या संघटनेत गेली, तेही सुरुवातीची सात वर्षं फक्त ३० टक्के वाट्यावर. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटला कुणीही बोलावलं नाही.

याचं कारण त्यांचा खेळ नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ रोजी हे दोघे एकमेकांशी भिडले तेव्हा दोघेही देशातल्या पहिल्या पंचवीस संघांत होते. वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ असा सामना मारला. मैदानं ओस पडलेली होती असंही नाही. ओरेगन स्टेटने १६ कोटी डॉलरहून जास्त खर्चून रेझर स्टेडियमची पश्चिम बाजू पाडून नव्याने बांधली होती, आणि ती पूर्ण झाली नेमकी २०२३ च्या त्या हंगामाला. दोघांचा गुन्हा एकच, पत्ता. वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन हे आयडाहोच्या सीमेजवळ, गव्हाच्या शेतांनी वेढलेलं तीसेक हजार वस्तीचं गाव. सिॲटलपासून साडेचारशे किलोमीटरहून दूर. ओरेगन स्टेटच्या कॉर्व्हॅलिसची वस्ती साठ हजारांच्या घरात. टीव्हीच्या हिशेबात एवढ्या घरांना किंमत नाही. ईएसपीएनच्या शनिवार सकाळच्या ‘कॉलेज गेमडे’ कार्यक्रमात, तो देशात कुठेही भरला असो, गर्दीतून वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा फडकत असतो. त्यांचे माजी विद्यार्थी २००३ पासून हा झेंडा गावोगाव पाठवतात आणि तिथल्या कुणीतरी आपल्याने तो पहाटे जाऊन धरायचा, असा रिवाज आहे. ही निष्ठा मोजायला कुठल्या प्रसारकाकडे रकाना नव्हता.

त्या काळात ओरेगन स्टेटच्या अध्यक्ष होत्या जयती मूर्ती. कानपूरच्या आयआयटीच्या इंजिनिअर, आणि २०२२ मध्ये या पदावर येण्यापूर्वी यूसीएलएच्या अभियांत्रिकी शाखेच्या डीन. ज्या विद्यापीठातून त्या आल्या त्याच विद्यापीठाच्या जाण्याने सुरू झालेला पेच त्यांच्या टेबलावर आला. त्या आणि वॉशिंग्टन स्टेटचे अध्यक्ष कर्क शुल्झ यांनी रडत बसण्याऐवजी कोर्ट गाठलं.

त्यांचा मुद्दा सरळ होता. संघटनेच्या नियमांनुसार जो सभासद बाहेर पडण्याची सूचना देतो, त्याचा संचालक मंडळावरचा हक्क जातो. यूएससी, यूसीएलए आणि कोलोरॅडो निघाले तेव्हा याच नियमाने त्यांना मंडळाबाहेर ठेवलं होतं. मग आता निघालेल्या इतरांना वेगळा न्याय का? जाणारे दहा जण बहुमताने संघटना विसर्जित करून तिजोरी वाटून घेतील ही भीती खरी होती. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात न्यायाधीश गॅरी लिबी यांनी सप्टेंबरमध्ये तात्पुरती मनाई दिली, १४ नोव्हेंबरला दोघांच्या बाजूने कौल दिला, आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. नंतर तडजोड झाली. जाणाऱ्या दहा जणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. संघटनेचं नाव, तिची मालमत्ता आणि पुढे येणारं उत्पन्न दोघांकडे राहिलं. या सगळ्या कथेत नियमाचं पुस्तक कुणाच्या कामी आलं असेल तर ते इथे.

आता वैराबद्दल, कारण माझा जीव त्यात जास्त आहे. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट ही लढत १९०० पासूनची. तिला ॲपल कप म्हणतात. ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट त्याहून जुनी, १८९४ पासूनची; ओरेगनचं युजीन आणि कॉर्व्हॅलिस यांच्यात जेमतेम पासष्ट किलोमीटरचं अंतर आहे. एका राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं. एका घरात एक भाऊ इकडे, बहीण तिकडे. सिॲटल-बेलव्ह्यूकडच्या मराठी घरांतही मुलं कॉलेजात गेल्यावर वॉशिंग्टनचा जांभळा की वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी हा प्रश्न आपोआप येतो.

२५ नोव्हेंबर २०२३ चा ॲपल कप जुन्या व्यवस्थेतला शेवटचा. वॉशिंग्टन तोवर अपराजित, पाहुणे पाच विजयांवर अडकलेले. खेळ संपायला मिनिटभर उरलं असताना गुणफलक २१-२१. वॉशिंग्टनचा चौथा प्रयत्न, हवा होता एक यार्ड, आणि चेंडू त्यांच्याच २९ यार्डांच्या रेषेवर. इथे चुकलं तर समोरच्याला विजय हातात द्यायचा. नव्वद टक्के प्रशिक्षक इथे चेंडू दूर लाथाडतात. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक केलन डिबोअर यांनी खेळायचं ठरवलं. चेंडू मागून पळत आलेल्या रोम ओडुन्झेच्या हातात दिला. सगळा बचाव एका बाजूला ओढला गेला होता, तो दुसऱ्या बाजूने २३ यार्ड निघून गेला. मग शेवटच्या क्षणी ग्रेडी ग्रॉसने ४२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. २४-२१. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये या ग्रॉसला शिष्यवृत्ती जाहीर झाली, तोवर तो स्वखर्चाने खेळत होता. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने लास व्हेगासला ओरेगनला ३४-३१ हरवून पॅक-१२ जिंकली, शुगर बोल या प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात टेक्सासला हरवलं आणि ८ जानेवारी २०२४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनकडून १३-३४ अशी हार घेतली. मोडीत निघालेल्या संघटनेचा विजेता देशात दुसरा आला.

फुटीनंतर या लढती टिकल्या, पण त्यांची जागा गेली. नोव्हेंबरअखेरच्या थंडीत, वर्षाचा हिशेब चुकता करण्यासाठी खेळायचे सामने सप्टेंबरात सरकले, कारण नोव्हेंबर आता बिग टेनच्या वेळापत्रकाला वाहिलेला आहे. १४ सप्टेंबर २०२४ रोजी सिॲटलच्या लुमेन फील्डवर वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ असा ॲपल कप जिंकला. किरमिजी शर्टवाले ज्या बेभानपणे नाचले त्यावरून सामन्याची धग कमी झाली नाही हे दिसलं. त्याच दिवशी कॉर्व्हॅलिसमध्ये ओरेगनने ओरेगन स्टेटला ४९-१४ ने चिरडलं, त्यावरून पैशांची दरी किती लवकर मैदानावर उतरते हेही दिसलं.

मागे राहण्याची किंमत दोघांनी पावलोपावली मोजली. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच कॉलेजचे माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. २०२३ चा शेवटचा साखळी सामना होताच ते मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. त्यांचे क्रीडा संचालक पॅट चुन मार्च २०२४ मध्ये चक्क वॉशिंग्टनमध्ये रुजू झाले. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेक हे प्रकार बंद केले. भालाफेक करणाऱ्या पोरीला टीव्ही कराराशी काय देणंघेणं? पण बिल तिच्यापर्यंत पोचलं. गेलेल्यांचेही खेळाडू सुखात नाहीत; यूसीएलएच्या व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या मुलींना न्यू जर्सीच्या रटगर्सपर्यंत खंड ओलांडून जावं लागतं, आणि सोमवारी वर्ग असतातच. फुटबॉलपुरती वेगळी संघटना आणि बाकी खेळ जुन्या भौगोलिक गटात, हा तोडगा अनेकांनी सुचवला. तो कुणी का उचलला नाही हे मला आजही कळत नाही.

राष्ट्रीय नियमांनुसार आठाहून कमी सभासद असलेल्या संघटनेला दोन वर्षांची सवलत मिळते. २०२४ आणि २०२५ चे हंगाम दोघांनी या सवलतीत काढले. पहिल्या वर्षी माउंटन वेस्ट संघटनेला सुमारे १.४ कोटी डॉलर देऊन सामने मिळवले. आणि मग सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच माउंटन वेस्टमधून बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट यांना आपल्याकडे घेतलं. सामन्यांच्या करारात संघ पळवल्यास साडेपाच कोटींपर्यंत जाणारा दंड लिहिलेला होता. तो बेकायदा आहे म्हणून पॅक-१२ ने उलट दावा ठोकला. ज्यांचं घर लुटलं गेलं त्यांनी शेजाऱ्याचं लुटलं, अशी टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते, पण त्या दोघांसमोर दुसरा मार्ग होता असंही मी म्हणणार नाही. बास्केटबॉलसाठी गोन्झागा आलं, जून २०२५ मध्ये टेक्सास स्टेट आठवा फुटबॉल संघ म्हणून आलं, सीबीएसने २०२६ ते २०३१ चा करार केला, आणि नव्या रचनेसाठी तारीख ठरली १ जुलै २०२६.

ॲपल कपचा सध्याचा करार २०२८ पर्यंतच आहे. वॉशिंग्टनला बिग टेनच्या नऊ सामन्यांनंतर उरणाऱ्या तीन जागांपैकी एक दरवर्षी द्यावी लागते, आणि २०२८ जवळ येईल तसे ही जागा सोप्या प्रतिस्पर्ध्याला द्या म्हणणारे वाढतील. ही दोन्ही सरकारी विद्यापीठं आहेत, एकाच राज्याच्या करदात्यांची. राज्याच्या विधिमंडळाने हा सामना दरवर्षी व्हावा अशी अट घातली तर त्यात गैर काही नाही, आणि ओरेगननेही आपल्या दोघांसाठी तेच करावं.